नाथ पै १९७१ साली गेले नसते तर : गोष्ट कुठून सुरू करायची?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मध्येच वाचायला आलेल्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही देवगडचे. दिवाळी अंकासाठी कथा लिहिताय. कथेत राजापूरचे समाजवादी खासदार बॅरिस्टर नाथ पै जानेवारी १९७१ मध्ये जात नाहीत. पुढे १९७७ ला ते पंतप्रधान होतात, १९८० ला कोकण रेल्वे सावंतवाडीत येते आणि बेळगाव महाराष्ट्राला मिळतं. खर्डा वाचून तुमचा मित्र म्हणाला, "ही कथा नाही, हे गाऱ्हाणं झालं." आता तुम्ही विचारताय की यातलं पटण्यासारखं किती, आणि सुरुवात कुठून करावी.

मित्राचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, पण सोडूनही देऊ नका. गाऱ्हाण्यात एक जण देवापुढे एकेक मागणं ठेवतो आणि मागे उभी मंडळी प्रत्येक वाक्याला "होय महाराजा" म्हणतात. देवळात ते शोभतं. कथेत मात्र "नाय, तसा होवचा नाय" म्हणणारा कुणीतरी लागतो, आणि तो लेखकाच्या आतच असावा लागतो.

मी सिंधुदुर्गात ३१ वर्षं इतिहास शिकवला. दर वर्षी परीक्षेच्या आधी एक तास "असं झालं नसतं तर" याला द्यायचो, आणि नाथ पैंचा विषय त्यात कितीदा तरी आला. आपल्याकडच्या मुलांना तो जवळचा वाटतो. घरी आजोबांनी सांगितलेलं असतं. मला स्वतःलाही तो दिवस आठवतो. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. बाबांनी रेडिओ बंद केला आणि ओटीवर बसून राहिले. आईने दोनदा जेवायला हाक मारली, तरी उठले नाहीत. बाबा काही पक्षाचे कार्यकर्ते नव्हते. तेव्हा तुमच्या कथेमागची हळहळ मला पुरती कळते. तिच्यासाठीच म्हणतो, गोष्ट नीट उभी राहायला हवी.

तुम्ही प्रश्न असा विचारलाय की नाथ पै जगते तर ते कोण झाले असते. माझ्या मते खरा प्रश्न निराळा आहे. ते गेल्यावर त्यांची जागा कुणी घेतली? आणि ती जागा रिकामीच झाली नसती तर तो माणूस कुठे असता? नेत्याचा अकाली मृत्यू पुसला की मागे राहिलेली पोकळीही पुसली जाते, आणि त्या पोकळीत पुढे जे जे उगवलं तेही जातं.

हे मला वर्गात एका मुलीने शिकवलं. तासाला आम्ही या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काथ्याची दोरी बांधायचो. पुठ्ठ्याचे तुकडे कापून प्रत्येकावर एक तारीख आणि एक घटना लिहायची, आणि कपड्यांच्या चिमट्यांनी ते तुकडे क्रमाने टांगायचे. मग एक तुकडा काढायचा आणि विचारायचं, याच्या उजवीकडचं आता काय काय टिकत नाही? नियम एकच होता. तुकडा काढायचा असेल तर कारण सांगायचं. कारण नसेल तर तो जागच्या जागी राहील. त्या वर्षी त्या मुलीने "१८ जानेवारी १९७१, नाथ पै यांचे निधन, बेळगाव" हा तुकडा काढला. मग दोन पावलं पुढे गेली आणि "मार्च १९७१, मधु दंडवते, राजापूर" हाही काढला. बरोबरच होतं, दंडवते राजापूरहून निवडून आले ते नाथ पैंच्या रिकाम्या जागेवर. नाथ पै असताना तिथे दुसरा उमेदवार कशाला? दोन्ही तुकडे हातात घेऊन ती आणखी पुढे गेली आणि "१९७७, रेल्वेमंत्री मधु दंडवते" यापाशी थांबली. तो चिमट्यासकट धरून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "सर, आता ह्या कोणाक देवचा?"

वर्गात कुणाकडेच उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. तुमच्या कथेनेही तिथे थांबायला हवं.

आता दोरीवरच्या तारखा बघू. नाथ पैंचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ चा, वेंगुर्ल्याचा. बेचाळीसच्या आंदोलनात होते, पुढे इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले, आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचे अध्यक्ष झाले. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा लागोपाठ तीन वेळा राजापूरमधून प्रजा समाजवादी पक्षातर्फे लोकसभेवर गेले. २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा बरखास्त झाली. १७ जानेवारी हा बेळगावात सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचा दिवस. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच शहरात हृदयविकाराने ते गेले. वय ४८. मतदान १ ते १० मार्च १९७१. म्हणजे ते गेले ते ऐन निवडणुकीच्या तोंडावर, पक्षाला नवा उमेदवार शोधायला जेमतेम काही दिवस हातात असताना.

पहिला निर्णय तुम्हाला इथेच घ्यायचा आहे आणि तुमच्या खर्ड्यात तो घेतलेला दिसत नाही. "गेले नसते" याचे दोन अर्थ होतात. एक, झटका आलाच नाही. दोन, झटका आला पण ते वाचले. या दोन वेगळ्या कथा आहेत. झटका आलाच नाही असं धरलं तर तुम्ही नियतीला रजा दिलीत, आणि वाचकाच्या मनात शंका राहते की मग तो पुढच्या वर्षी का येऊ नये? हृदय तेच, धावपळ तीच, रात्रीअपरात्रीचे घाटातले प्रवास तेच. झटका येऊन वाचले असं धरलं तर तुमच्या हाती एक खरा माणूस येतो, पण तो आधीचा नाथ राहत नाही. बायपास शस्त्रक्रिया तेव्हा जगातही नवी होती, आपल्याकडे तर ती पुढे सुरू झाली. १९७१ सालच्या डॉक्टरकडे सक्तीची विश्रांती, औषधं आणि जिने चढू नका, भाषणं करू नका, एवढंच सांगण्यासारखं होतं. भाषण करायचं नाही म्हणजे नाथ पैंनी काय करायचं? मी तुमच्या जागी असतो तर दुसरी वाट धरली असती. तिच्यात कथा आपोआप कठीण होते, आणि कठीण झाली की गाऱ्हाणं संपतं.

मुलांना मी एक परदेशी उदाहरण नेहमी द्यायचो, कारण त्यात कोकणाची माया आड येत नाही. ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते ह्यू गेटस्केल १८ जानेवारी १९६३ ला वयाच्या ५६ व्या वर्षी गेले. तारीख योगायोगाने तीच आहे, तिच्यात काही शोधू नका. त्यांच्या जागी हॅरोल्ड विल्सन आले आणि १९६४ ला पक्ष सत्तेवर आला. त्याच पक्षाचे जॉन स्मिथ १२ मे १९९४ ला ५५ व्या वर्षी गेले, टोनी ब्लेअर आले आणि १९९७ ला पक्ष प्रचंड बहुमताने जिंकला. स्मिथ जगते तर १९९७ ला मजूर पक्ष हरला असता का? बहुतेक नाही. सप्टेंबर १९९२ मध्ये पौंड कोसळला तेव्हाच हुजूर पक्षाची पत गेली होती. पण जिंकलेला पक्ष तसाच असता का? तिथे मात्र माणसामुळे फरक पडला असता. मी दोरीवर हीच दोन रंगांची खूण करायला लावायचो. जे लाटेने आलं ते निळं, जे माणसाने आणलं ते लाल. निळे तुकडे कुणाच्या जगण्या-मरण्याने फारसे हलत नाहीत.

मार्च १९७१ ची निवडणूक जवळजवळ सगळी निळी आहे. इंदिरा गांधींच्या काँग्रेसला ३५२ जागा मिळाल्या. महाराष्ट्रात ४५ पैकी ४२. पुण्यात एस. एम. जोशी पडले, मुंबईत जॉर्ज फर्नांडिस पडले, बिहारमध्ये मधु लिमये पडले. प्रजा समाजवादी पक्षाचे देशभरात फक्त दोन खासदार निवडून आले, त्यातलं एक राजापूर. या लाटेत राजापूर टिकलं ते तीन निवडणुकांच्या कामामुळे, आणि माझी खात्री आहे की शोकामुळेही. लोकांनी दंडवत्यांना मत दिलं ते मोठ्या प्रमाणात नाथांना दिलेलं शेवटचं मत होतं. आता हे उलटं करून बघा. नाथ जिवंत आहेत, घरी पडून आहेत, सभा घेऊ शकत नाहीत, आणि "गरिबी हटाव" गावोगाव पोचलंय. ते जिंकले असते असं मला वाटतं. पण सहज जिंकले असते असं मी लिहिणार नाही, तुम्हीही लिहू नका. काठावर जिंकवा. ते सगळ्यात पटेल.

आता रेल्वेकडे येतो, कारण आपल्या वाचकाचा जीव तिथे अडकलेला असतो. १९७१ च्या आधीचा प्रवास आठवा. एक तर भाऊच्या धक्क्यावरून बोट, नाहीतर घाटवळणांनी एस.टी. वेंगुर्ल्याला बोट किनाऱ्यापासून लांब उभी राहायची. माणसं, पत्र्याच्या ट्रंका, फणस, कोंबड्या सगळं पडावात उतरवायचे. लाट वर आली की खालचा खलाशी हात पसरून "टाक पाय" म्हणायचा, आणि आईचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं असायचं. पावसाळ्यात तेही बंद. हे ज्याने अनुभवलंय त्याला कथेत रेल्वे लवकर आणाविशी वाटणारच.

पण हिशेब बघा. दंडवते मूळचे अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे. राजापूरने त्यांना १९७१ पासून सलग पाच वेळा निवडून दिलं. १९७७ ते १९७९ ते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्या काळात. पुढे १९८९ ला विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री, असे दोघं एकाच वेळी बसले आणि १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं. केंद्राचा ५१ टक्के वाटा, बाकीचा महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ यांचा. वर रोखे काढून पैसा उभा केला. ७४१ किलोमीटरचा तो मार्ग २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण खुला झाला. एकट्या करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. गोव्याकडच्या मऊ मातीत तर खणलेले बोगदे पुन्हा पुन्हा ढासळत होते.

हे १९८० च्या आत बसवायचं तर सत्तरच्या दशकात पैसा कुठून आणणार? डिसेंबर १९७१ ला युद्ध, १९७२ ला दुष्काळ, १९७३ ला तेलाचे भाव, १९७४ ला रेल्वेचाच संप. हे सगळे निळे तुकडे आहेत. नाथ पै कितीही मोठे वक्ते असले तरी भाषणाने बोगदा पडत नाही. आणि आता त्या मुलीचा प्रश्न. नाथ पै राजापूरला असते तर दंडवते १९७१ ला लोकसभेत नसते. त्या लाटेत समाजवाद्यांना दुसरी सुरक्षित जागा महाराष्ट्रात नव्हतीच. १९७७ ला ते मुंबईतून आले असते कदाचित, पण सहा वर्षांचा संसदेचा अनुभव गाठीशी नसताना त्यांना रेल्वे मिळाली असती का? नाथ पैंना मंत्रिपद मिळालं असतं हे नक्की, पण त्यांचा ओढा परराष्ट्र धोरणाकडे आणि घटनेच्या प्रश्नांकडे होता. रेल्वे खातं मग उत्तरेतल्या एखाद्या नेत्याकडे गेलं असतं, आणि त्याने आधी आपल्याकडचे रूळ बघितले असते. म्हणजे नाथ पै जगले म्हणून आपली रेल्वे आणखी लांबली, ही शक्यता तुमच्या शक्यतेपेक्षा जास्त खरी आहे. हे लिहिताना मलाही जड जातंय. पण कथा म्हणून हे किती जिवंत आहे बघा. ज्या माणसासाठी सगळं गाव रडलं, तो परत येतो आणि त्याच्याबरोबर गाडी उशिरा येते.

पंतप्रधानपदाचं थोडक्यात सांगतो. १९७७ च्या जनता पक्षात समाजवादी हा एक गट होता, सर्वात मोठा नव्हे. मोरारजी देसाई, चरणसिंग, जगजीवनराम या तिघांत ती ओढाताण झाली आणि तिघांच्याही मागे संख्या होती किंवा ज्येष्ठता. ५४ वर्षांच्या कोकणी खासदाराला तिथे वाट नव्हती. ते पान काढूनच टाका. बेळगावचंही तेच. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा. महाराष्ट्राने २००४ ला सर्वोच्च न्यायालयात दावा घातला, तो अजून चालू आहे. एक माणूस वाचल्याने दोन राज्यांच्या विधानसभा नमत नाहीत.

मग लाल तुकडा कुठला, तो एकच माणूस हलवू शकला असता असा? माझ्या मते तो रेल्वेत नाही, तुमच्या खर्ड्यात जिथे एक ओळही नाही तिथे आहे. नाथ पैंच्या विधेयकात.

२७ फेब्रुवारी १९६७ ला गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ५ अशा निकालाने सांगितलं की मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. खटला पंजाबातल्या जमीन धारणेच्या कायद्याचा होता. एप्रिलमध्ये नाथ पैंनी खाजगी विधेयक मांडलं की कलम ३६८ च्या पद्धतीने घटनेतलं कुठलंही कलम दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे. एका समाजवाद्याला हे का वाटावं, हे कोकणात समजावून सांगावं लागत नाही. मालमत्ता हा तेव्हा मूलभूत हक्क होता. १९४८ चा कुळकायदा, १९४९ चा खोती रद्द करण्याचा कायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषिदिन (कसणारं कूळ जमिनीचं मालक ठरलं तो दिवस), यांतून ज्या कुळांच्या नावावर तुकडाभर जमीन चढली, त्यांच्या खासदाराला मालमत्तेच्या हक्काची भीती वाटणारच. खोताच्या वाड्यासमोर उभं राहिलेल्या माणसाला संसद जवळची वाटते, न्यायालय लांबचं.

खाजगी विधेयकांना लोकसभेत शुक्रवारची दुपार मिळते, अडीच तास. एवढ्या मोठ्या प्रश्नावरचं विधेयक त्या तुटपुंज्या वेळात सरकत होतं. संयुक्त समितीकडे गेलं, परत आलं, चर्चा लांबत गेली. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा बरखास्त झाली तेव्हा ते आपोआप रद्द झालं. म्हणजे विधेयक त्याच्या कर्त्याच्या २२ दिवस आधी गेलं. ही गोष्ट मी वर्गात सांगितली की वर्ग शांत व्हायचा.

मग १९७१ ला सरकारने २४ वी घटनादुरुस्ती करून नाथ पैंचंच म्हणणं कायद्यात आणलं. ते असते तर बाजूने बोलले असते, आणि सभागृहाने बाकं वाजवली असती. इथपर्यंत सगळं त्यांच्या मनासारखं. एप्रिल १९७३ मध्ये १३ न्यायाधीशांनी केशवानंद भारती खटल्यात ७ विरुद्ध ६ असं ठरवलं की दुरुस्ती करा, पण घटनेचा मूळ ढाचा मोडता येणार नाही. दुसऱ्याच दिवशी तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीश नेमले गेले. पहिली शंका तिथे यावी. मग २५ जून १९७५, आणीबाणी. दंडवते तेव्हा संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला होते, वाजपेयी आणि अडवाणीही तिथेच होते, आणि तिथेच सगळे पकडले गेले. नाथ पैही कुठल्यातरी तुरुंगात असते यात मला शंका नाही. तुम्ही म्हणाल, ते तोवर काँग्रेसमध्ये गेले असते तर? अशोक मेहता गेले, चंद्रशेखर गेले, मोहन धारिया गेले, तसे? जाऊ शकले असते, ते परिस्थितीवर अवलंबून आहे. पण काँग्रेसमध्ये राहूनही चंद्रशेखर आणीबाणीत तुरुंगातच गेले. त्या वळणानेही तुमची कथा त्याच कोठडीत पोचते.

आणि त्या कोठडीत नोव्हेंबर १९७६ मध्ये वर्तमानपत्र येतं. ४२ व्या घटनादुरुस्तीत कलम ३६८ ला जोडलेलं असतं की संसदेच्या घटनादुरुस्तीला कुठल्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, आणि तिच्या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही. हे वाचणारा माणूस कोण? ज्याने नऊ वर्षांपूर्वी याच कलमासाठी शुक्रवारच्या दुपारी खर्ची घातल्या तो. त्याचंच म्हणणं, त्याच्याच विरुद्ध.

तो काय म्हणाला असता? याचं एकच उत्तर नाही आणि नसावं. मला विचाराल तर सांगतो. नाथ पैंचा विश्वास संसदेच्या इमारतीवर नव्हता, निवडून देणाऱ्या लोकांवर होता. १९७१ ला निवडलेल्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. ती वाढवून घेतली गेली आणि विरोधक तुरुंगात असताना ही दुरुस्ती झाली. मुदत संपलेल्या सभागृहाला लोकांच्या नावाने बोलता येत नाही, असं त्यांनी म्हटलं असतं आणि आपलं १९६७ चं म्हणणंही सोडलं नसतं. पण दुसराही माणूस रंगवता येईल, रात्रभर जागून सकाळी "माझं चुकलं" असं कागदावर लिहिणारा. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. त्या चर्चेत उभे राहिलेले नाथ पै, तुरुंगातून आलेले, थकलेले, काय बोलले असते? मृत्यूने त्यांना या प्रश्नातून सोडवलं. जिवंत ठेवलंत तर तुम्हाला तो त्यांच्यासमोर ठेवावाच लागेल. पंतप्रधानपदापेक्षा त्यांच्या मोठेपणाची ही खरी परीक्षा आहे, आणि त्यांच्यावर प्रेम असेल तर ती टाळू नका.

मुंबईचा एक धागा आहे, जमलं तर घ्या. आपल्याकडची निम्मी घरं चाकरमान्यांच्या मनिऑर्डरीवर चालायची. त्या चाकरमान्यांत १९६६ नंतर शिवसेना वाढत होती, आणि १९६८ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाने शिवसेनेशी युतीही केली होती. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि माणसं बिऱ्हाड बांधून गावी परत आली. ५९ वर्षांचे नाथ पै त्या उतरलेल्या माणसांसमोर काय घेऊन उभे राहिले असते? आपल्याकडे समाजवाद्यांचा पाया १९९१ ला दंडवते हरले तेव्हा उघड खचला, पण तडे आधीचे होते. तुमची कथा तेवढी लांब जाणार नसेल तर एका पत्रात, एखाद्या पुतण्याच्या तोंडी हे येऊ द्या.

सुरुवातीचं विचारलंत. १८ जानेवारीच्या रात्रीपासून करू नका. डॉक्टर, धावपळ, शेवटच्या क्षणी डोळे उघडणं, हे वाचकाने खूपदा वाचलंय. फेब्रुवारी १९७१ ची दुपार घ्या. वेंगुर्ल्यात ओटीवर आरामखुर्ची, तिच्यात नाथ पै, अंगावर शाल. बोलायला मनाई. बाहेरच्या रस्त्यावरून विरोधकांची जीप भोंग्यावर ओरडत जाते आणि ते ऐकून घेतात. तेवढ्यात मुंबईहून पक्षाचा एक प्राध्यापक येतो, पदार्थविज्ञान शिकवणारा, पन्नाशीच्या आतला. उमेदवार म्हणून नाही, चार सभा घेऊन परत जायला आलेला. नाथ पाटीवर खडूने लिहून त्याला गावांची नावं देतात, कुठे कुणाला भेटायचं ते सांगतात. तो सोलकढीचा पेला खाली ठेवतो, यादी खिशात घालतो. चार दिवसांनी रात्रीच्या एस.टी.ने मुंबईला परत जातो, तासांना उशीर नको म्हणून. वाचकाला ठाऊक असतं की ती जागा कुणाची होती. त्या दोघांना ठाऊक नसतं.

त्या काळी वेंगुर्ल्याहून मुंबईला रात्रीची गाडी किती वाजता सुटायची ते गावातल्या जुन्या माणसांना विचारून घ्या, अजून सांगणारे आहेत. तेवढं खरं ठेवा. पुढचे पुठ्ठे कुणाच्या हातात द्यायचे ते तिथून तुम्हीच ठरवा.